मी मनालीला मोजलं नव्हतं

गुरुवार, २२ जानेवारी २०२६

१. रविवारी, १८ तारखेला, तीन मजले खाली राहणाऱ्या राजश्रीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पार्थला त्याच्या बाबांजवळ, निखिलजवळ ठेवून मी एकटी गेले.
२. राजश्रीच्या मुलीने, मनालीने, दारातच मला तिळगूळ दिला. मी तो खाल्ला.
३. बाकीच्या बायका गेल्यावर राजश्री आणि मी बोलत बसलो. बोलण्याच्या ओघात मी म्हणाले, "मनालीला काहीही झालेलं नाही."
४. सोमवारी मनाली आमच्याकडे आली आणि आपले आवाज अडवणारे निळे हेडफोन विसरून गेली.
५. बुधवारी तिच्या शाळेत सव्वीस जानेवारीच्या बँडची प्रॅक्टिस होती. ती हेडफोनशिवाय गेली. ड्रम सुरू झाल्यावर तिने स्वतःचा हात चावला आणि फाटकातून बाहेर पळाली.
६. ती कळंबोलीच्या ट्रक पार्किंगमध्ये एका ट्रेलरखाली सापडली. निघण्याआधी क्लीनर लोखंडी दांडक्याने टायर ठोकून हवा बघत होता. मागच्या टायरवर दांडका बसला तेव्हा ती खालून ओरडली. इंजिन चालू होतं.
७. हाताला टाके पडले आहेत. कालपासून ती बोललेली नाही.

क्रमांक ३ आणि ५ यांचा एकमेकांशी संबंध आहे असं सिद्ध झालेलं नाही.

कामावर काही चुकलं की आम्ही आधी असंच लिहितो. फक्त घडलं ते. कारण नंतर. मी रबाळ्याच्या एका लॅबमध्ये कारखान्यांची मोजमापाची उपकरणं तपासते. दहा वर्षं हेच करते आहे. घरातलं काही या पद्धतीने लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

शनिवार, २४ जानेवारी

शनिवारी मनाली येते. म्हणजे यायची. ती बारा वर्षांची, पार्थ सात. पार्थ बोलत नाही. उशिरा बोलेल असं नाही, बोलतच नाही. तहान लागली की माझा हात धरून माठापाशी नेतो. मनाली जमिनीवर बसून डब्याचं स्टीलचं झाकण भिंगरीसारखं फिरवते आणि ते फिरत असेपर्यंत तो तिच्या हातून वरणभात खातो. माझ्या हातून खात नाही. हे तिने शोधून काढलं. थेरपीवाल्यांनी नाही, मी नाही.

आज दुपारी त्याने झाकण उचलून दाराशी नेऊन ठेवलं. त्याला वार कळत नाहीत. योगायोग असावा. लिफ्टचा आवाज आला की उठायचा, परत बसायचा. जेवला नाही. मनालीचे हेडफोन त्याच्या कानांवर होते. मी काढले नाहीत.

दोघांच्या कागदावर एकच नाव आहे, ऑटिझम स्पेक्ट्रम. मनालीच्या कागदावर शिवाय एडीएचडी. मनाली तोंडाने चुरूचुरू बोलते, वाद घालते, शाळेच्या नाटकात काम करते. मी डॉक्टरांना एकदा विचारलं होतं की दोघांना एकच शब्द कसा. ते म्हणाले, "मॅडम, म्हणून तर त्याला स्पेक्ट्रम म्हणतात." वजनकाटा आणि भट्टीचा थर्मामीटर मी एकाच सर्टिफिकेटवर पास केला तर आमच्या लॅबला टाळं लागेल.

ऑफिसात टेबलावर पसारा असलेला प्रत्येक जण म्हणतो, "माझं पण थोडं एडीएचडी आहे ना यार." मी हसते. घरी येऊन पार्थचे कपडे बदलते.

रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी

हेडफोन द्यायला खाली गेले. राजश्रीने दार उघडलं. ती साताऱ्याची; कोण आलं की आधी "ये गं, बस" म्हणते आणि मग विचारते काय काम. आज म्हणाली नाही. हेडफोन बघून म्हणाली, "हे तुझ्याकडं होते होय. मी बुधवारी सकाळी गादीखाली शोधले, गाडीच्या डिकीत शोधले. मनू म्हणाली, राहू दे. शेवटी म्हटलं, जाऊ दे एक दिवस तशीच."

मी म्हणाले, "ती विसरून गेली होती."

"मनू हेडफोन विसरत नाही, सुनीती. ती चप्पल विसरंल."

आत मनाली भिंतीकडे तोंड करून झोपली होती, की पडली होती. राजश्री हळू आवाजात बोलत होती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुला ठाऊक आहे ती मंगळवारी रात्री मला काय म्हणाली? आई, सुनीतीमावशी म्हणाली मला काही झालेलं नाही. मी म्हटलं, कधी म्हणाली? तर म्हणे, मी किचनमध्ये वाणाच्या वाट्या पिशवीत भरत होते तेव्हा. मी म्हटलं, अगं ते मोठ्यांचं बोलणं. तर म्हणाली, नाही. मावशीने तिळगूळ आधी खाल्ला होता, मी स्वतः दिला होता. तिळगूळ खाल्ल्यावर गोडच बोलायचं असतं. म्हणजे ती चांगली बातमी होती. आणि मावशी मोजते, म्हणजे ती खरी पण आहे."

मी हेडफोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"खूश होती गं पोर. मला वाटलं, नेहमीसारखी बडबडतीय. मी भाकरी थापत होते."

राजश्रीने हेडफोन घेऊन मनालीच्या उशाशी ठेवले. मनालीने न वळता ते हाताने ढकलले. खाली पडले. राजश्रीने उचलून परत माझ्या हातात दिले.

दिवाळीच्या सुट्टीत मनालीने मला विचारलं होतं की मी नक्की काय काम करते. मी म्हणाले, "लोकांची मापं बरोबर आहेत का ते बघते." तिने विचारलं, "आणि तू चुकलीस तर?" मी म्हणाले, "मी चुकून चालत नाही." मला ते उत्तर आवडलं होतं.

मंगळवार, २७ जानेवारी

काल सुट्टी होती. खालच्या पटांगणात झेंडावंदन झालं. मी गेले नाही. खिडकीतून बघितलं, राजश्रीही आली नव्हती.

आज लॅबमध्ये मंजुषाने एका औषध कंपनीचा छोटा प्रेशर गेज तपासला आणि रीडिंगच्या रकान्यात ओळीने शून्य लिहिलं. मला शंका आली. बघितलं तर तिने मास्टर म्हणून, म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं तो म्हणून, हायड्रॉलिक प्रेसचा मोठा गेज लावला होता.

"अगं, हा चारशे बारचा आहे. या छोट्याचं प्रेशर त्याच्यावर दिसेल तरी का?"

"पण मॅडम, सुई हललीच नाही. म्हणून शून्य लिहिलं."

"सुई हलली नाही म्हणजे प्रेशर नाही असं होतं का? तू चुकीचा मास्टर लावलास, एवढंच सिद्ध होतं."

मी जरा जोरात बोलले असणार. मंजुषा रडवेली झाली. सगळं परत करायला लावलं.

त्यानंतर काही सुचेना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला.

संध्याकाळी शाळेतून फोन आला. मनालीच्या शाळेतून, मुख्याध्यापिका स्वतः. आवाज फार गोड. "मिसेस सुनीती, मागच्या वर्षी तुमच्या पार्थसाठी विचारणा झाली होती ना? तेव्हा आमच्याकडे जागा नव्हती. कदाचित आता होईल. शुक्रवारी सहा तारखेला आमची एक मीटिंग आहे, त्यानंतर कन्फर्म सांगते. इंटरेस्टेड आहात ना?"

जागा कशी होईल हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी म्हणाले, "हो. कळवते."

बुधवार, २८ जानेवारी

कळवलं नाही. नको असंही म्हटलं नाही.

निखिलला सांगितलं. तो पार्थची नखं कापत होता. पार्थ झोपल्यावरच ती कापता येतात. म्हणाला, "घे ना मग."

"मनालीला काढून देतायत ती जागा."

"आपण काढतोय का तिला? आपण नाही घेतली तर तिसरा कोणी घेईल. माझ्या पोराला आयुष्यात एकदा कोणीतरी 'या' म्हणतंय, सुनीती." नंतर म्हणाला, "मला राजश्रीवहिनींबद्दल वाईट वाटत नाही असं समजू नकोस." आणि परत नखं कापायला लागला.

त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. त्याला क्रमांक ३ माहीत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

सयाजीराव आले होते, राजश्रीचे यजमान. त्यांचे दोन ट्रेलर कळंबोली ते हैदराबाद चालतात. एरवी ते आमच्या दारापर्यंत येत नाहीत, जिन्यात नमस्कार करून पुढे जातात. आज चपला बाहेर काढून आत आले आणि सोफ्याच्या कडेवर बसले.

"ताई, तुमाला तसदी देतोय."

"नाही हो. मनाली कशी आहे?"

"बोलाय लागली. पन काय बोलती, तर एकच. म्हनती, मला काय झालेलं न्हाई, मग मी हात का चावला? पळाले का? म्हंजे मी नुसती वाईट हाय." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "आता ह्याला काय बोलावं? मी तर आधीपासनं त्या कागदाच्या इरोधात. म्हटलं, पोरीच्या नावाला कशाला चिकटवायचं हे. उद्या लग्नाला कोन इचारंल. राजश्रीनं माझं ऐकलं न्हाई. पन ताई, तो कागद व्हता तवा पोरगी स्वताला वाईट म्हनत नव्हती. हे मला आत्ता कळतंय."

मी पाणी आणायला आत गेले. माठातून पेला भरून आणला. माझं नाव त्यांना राजश्रीने सांगितलेलं नाही.

ते शाळेच्या सहा तारखेच्या मीटिंगविषयी बोलायला आले होते. शाळा म्हणते, काही कारण नसताना मुलगी आवरेनाशी झाली. रोज सांभाळणारं सोबत माणूस नसेल तर तिला ठेवता येणार नाही. "मी तिथं काय बोलनार? माझा आवाज चढतो, मग त्यास्नी वाटतं ट्रकवाला भांडाय आला. राजश्रीला रडू येतं. तुमी शिकलेल्या, तुमचं पोरगं पन तसंच. तुमी सांगितलं तर ऐकतील. तुमी हाय म्हनून तर आमाला आधार हाय."

निखिल खुर्चीतून माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "बघते." सयाजीरावांनी दारात मला हात जोडले. मीही जोडले.

ते गेल्यावर निखिलने विचारलं, "पोरीला असं सांगितलं कोणी?"

मी सांगितलं. तो उठला. पार्थला उचलून गच्चीवर घेऊन गेला.

रविवार, १ फेब्रुवारी

२२ तारखेचं टिपण तपासलं. दुरुस्त्या पुढीलप्रमाणे.

क्रमांक १ च्या आधी एक गोष्ट घडली होती, ती मी लिहिली नाही. मागच्या जूनमध्ये मी पार्थला त्या शाळेत घेऊन गेले होते. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की इथे प्रत्येक मुलाचं स्वागत आहे. मुख्याध्यापिका पार्थकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडे ऑटिझमचं एक मूल ऑलरेडी आहे." ते मूल म्हणजे मनाली. पार्थ तेव्हा टेबलाची कड चाटत होता. मी त्याचं तोंड पुसलं, थँक्यू म्हणाले आणि बाहेर आले. राजश्रीला हे कधीच सांगितलं नाही. तिच्या हातचे पोहे खाल्ले, शनिवारी तिच्या मुलीला वर बोलावत राहिले.

क्रमांक ३ अपुरा आहे. राजश्री त्या दिवशी म्हणाली होती, "तुझं एका अर्थी बरं आहे गं. पार्थचं दिसतं तरी. लोक गप बसतात. माझीला बघून म्हणतात, हिला काय धाड भरलीय? लाडानं बिघडलीय. टीचर म्हणतात नाटकं करते. सासूबाई म्हणतात दोन फटके दे. रोज उठून सिद्ध करायचं की माझ्या पोरीला खरंच त्रास होतो. दमले गं मी." ती हे भांडायला बोलली नव्हती. हातात कुंकवाचा करंडा होता, तो ती पुसत होती.

मी जे म्हणाले ते पूर्ण असं होतं: "खरं सांगू? तुझे सासरचे बरोबर बोलतात. मनालीला काहीही झालेलं नाही. ऑटिझम माझ्या घरात आहे, राजश्री. तुझ्या घरात नाही. तुम्ही फक्त त्याची सीट घेतली आहे."

शेवटचं वाक्य राजश्रीला कळलं नाही. तिने विचारलं, "कसली सीट?" मी म्हणाले, "काही नाही, उशीर झाला." आणि वाण घेऊन निघाले. स्टीलची वाटी होती. पार्थ तीत रोज दही खातो.

क्रमांक ४ खोटा आहे. मनाली विसरली नव्हती. सोमवारी तिने हेडफोन स्वतःच्या हाताने पार्थच्या कानांवर घातले आणि मला म्हणाली, "मला आता लागत नाहीत. याला लागतात." मी ऐकलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि माझा अंदाज आहे की कळलंही होतं. त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि पार्थ पहिल्यांदा शिट्टीला किंचाळला नाही. नुसता बसून राहिला. मंगळवारी परत देऊ, असं मी ठरवलं. मंगळवारी म्हटलं, बुधवारी देऊ.

क्रमांक ३, ४ आणि ५ यांचा संबंध आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी

लंच टाइमला मुख्याध्यापिकांना फोन केला. म्हणाले, पार्थचं नाव काढा. "अहो, पण अजून काहीच ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "म्हणूनच आत्ता सांगते." आवाजातला गोडवा तेवढ्यात संपला. मला त्यानंतर बरं वाटलं नाही. निखिलला सांगितल्यावर तो म्हणाला, "शुक्रवारी सुट्टी टाक. मी पार्थला बघतो."

मग राजश्रीकडे गेले आणि दारातच उभं राहून तिला शाळेतला जूनचा प्रसंग सांगितला, सीटचं सांगितलं, मागच्या मंगळवारच्या फोनचं सांगितलं. मी 'हो, कळवते' म्हणाले होते, तेही. ती ऐकत होती. मधेच गॅस बंद करून आली. शेवटी एवढंच म्हणाली, "तुला माझ्यावर राग होता, तर मला बोलायचं होतंस. पोर आत होती."

मी म्हणाले की मला शाळेत लेखी द्यायचं आहे, माझ्या नावासकट, की मुलगी कारणाशिवाय आवरेनाशी झाली नाही. कारण मी आहे. आणि जिला ड्रमचा आवाज सहन होत नाही तिला हेडफोन नसताना ड्रमशेजारी उभं केलं, हेही.

राजश्री म्हणाली, "मला काय विचारतेस? माझं डोकं चालत नाही आता. तिला विचार. तिच्याविषयी आहे ना ते. पण समोर येऊ नको तिच्या. लिहून दे, वाचंल ती."

लिहिलं. आत्ताच दाराखालून सरकवून आले, पिशवी कडीला अडकवली. इथे उतरवून ठेवते.

मनाली,

तू जे ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. तुझ्या कानांची चूक नाही आणि तुझ्या विचारांचीही नाही. तिळगूळ खाल्ल्यावर गोड बोलायचं हा नियम आहे. तो मी मोडला. मी जे म्हणाले ते गोड नव्हतं आणि खरंही नव्हतं.

मी तुला मोजलं नव्हतं. मी रागावले होते आणि बोलले. तू मला विचारलं होतंस की मी चुकले तर काय. तेव्हा मी बरोबर उत्तर दिलं नाही. मी चुकते. चुकले की ते लिहून सांगावं लागतं, म्हणून हे लिहिते आहे.

तुला ड्रमचा त्रास होतो. त्या बुधवारी तो झाला, म्हणून तू हात चावलास आणि पळालीस. त्रास होणारा माणूस वाईट नसतो.

पिशवीत हेडफोन आहेत. ते तुझे आहेत. पार्थसाठी दुसरे आणले आहेत, हिरवे. अजून घालत नाही, पण घालेल. झाकण त्याने दाराशी ठेवलं आहे आणि तिथून हलवू देत नाही. तू शनिवारी यावंस असं मी म्हणत नाही. फक्त कळवते आहे.

सोबत दुसरा कागद आहे. त्या बुधवारी काय झालं आणि त्यात माझं काय चुकलं ते त्यात क्रमाने लिहिलं आहे. शुक्रवारी, सहा तारखेला, शाळेच्या मीटिंगमध्ये मी तो वाचून दाखवणार आहे, पण तू हो म्हणालीस तरच. नीट वाच. जिथे चुकीचं लिहिलं असेल तिथे पेन्सिलने खूण कर. मी दुरुस्त करीन.

माझ्याशी बोलायची गरज नाही. कागदावर 'हो' किंवा 'नाही' लिहून आमच्या दाराखालून सरकव. 'नाही' लिहिलंस तरी चालेल.

बुधवार, ४ फेब्रुवारी, संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

सुनीतीमावशी